पावसाळ्याआधी केलेली चाचणी: साठ खाटांच्या एका रुग्णालयातील फरशीच्या निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी धर्मादाय विश्वस्त संस्थेने चालवलेले हे साठ खाटांचे रुग्णालय आहे. संस्था, गाव आणि संबंधित व्यक्ती ओळखू येतील असे तपशील येथे वगळले आहेत. जुनी इमारत १९७८ सालची, दुमजली. तळमजल्यावर बाह्यरुग्ण विभाग, अपघात कक्ष आणि पुरुष व स्त्रियांचे जनरल वॉर्ड, तर पहिल्या मजल्यावर दोन शस्त्रक्रियागृहे, रिकव्हरी आणि स्पेशल खोल्या. या प्रकरणात मी सल्लागार अभियंता म्हणून काम पाहिले. पुढे ज्या चुकीचे वर्णन येते, तिचा मोठा वाटा माझा आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

तळमजल्यावर दहा इंची मोझॅक टाइल्स होत्या, बाह्यरुग्ण विभागात शहाबादी फरशी होती आणि २०११ साली दोन्ही शस्त्रक्रियागृहांत पांढऱ्या, चकचकीत, दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स बसवलेल्या होत्या. जमीन काळी, नदी दीड किलोमीटरवर. ऑगस्ट २०१९ च्या पुराचे पाणी कंपाउंडच्या भिंतीपर्यंत येऊन थांबले होते. इमारतीत शिरले नव्हते. इमारतीत पाणी आले नाही म्हणजे इमारत कोरडी आहे, अशी सर्वांची समजूत झाली आणि तीच पुढे आम्हाला भोवली.

अडचण

२०२१ च्या अखेरीस संस्थेने एनएबीएचच्या (रुग्णालयांचा दर्जा तपासणारे राष्ट्रीय मंडळ) प्रवेश पातळीच्या प्रमाणपत्रासाठी तयारी सुरू केली आणि तेव्हा फरशीचा विषय पहिल्यांदा कागदावर आला. शस्त्रक्रियागृहाची जमीन गुळगुळीत, द्रव न शोषणारी, सांधे नसलेली, भिंतीशी गोलाईने मिळणारी आणि वारंवार धुता येण्याजोगी असावी, अशी अपेक्षा असते. येथे टाइल्सच्या दर सांध्यात पांढरे सिमेंट भरलेले होते आणि दहा वर्षांच्या पुसण्याने ते काळे पडले होते. एका कोपऱ्यात ऑक्सिजन सिलिंडरच्या ट्रॉलीने टाइलचा कोपरा उडवला होता व त्या खळग्यात एम-सील भरून वर रंग दिलेला होता.

मी एक रुपयाचे नाणे घेऊन दोन्ही खोल्यांतली प्रत्येक टाइल वाजवून पाहिली. नीट चिकटलेली टाइल ठक्क वाजते, पोकळ टाइल डबडब वाजते. जवळजवळ तिसरा हिस्सा टाइल्स डबडब वाजल्या. म्हणजे खालचा सिमेंट-वाळूचा मसाला सुटला होता आणि जड टेबल सरकवले की आणखी टाइल्स तुटणार हे ठरलेलेच होते.

तळमजल्यावर तक्रारी वेगळ्या होत्या. वॉर्डातले मोझॅक झिजून खडबडीत झाले होते. अपघात कक्षापासून एक्स-रेपर्यंत स्ट्रेचर नेताना दर दहा इंचांना चाक आदळत असे आणि मांडीचे हाड मोडलेला रुग्ण त्या तीस फुटांत काय सोसतो, हे स्ट्रेचरच्या डोक्याशी चालल्याशिवाय कळत नाही. स्त्री वॉर्डाच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी दोन इंचांचा उंबरा होता. तेथे एक वृद्ध रुग्ण अडखळून पडल्या होत्या. सुदैवाने हाड मोडले नाही, परंतु विश्वस्तांच्या बैठकीत फरशीसाठी पैसे मंजूर झाले ते या पडण्यामुळे, शस्त्रक्रियागृहातल्या काळ्या सांध्यांमुळे नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. फरशी बदलली की रुग्णालयातले जंतुसंसर्ग कमी होतील, असे आम्ही विश्वस्तांना सांगितले नाही. संसर्ग मुख्यतः हातांवरून, उपकरणांवरून आणि वारंवार स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागांवरून पसरतो. जमिनीला रुग्णाचा हात क्वचितच लागतो. फरशीचे काम इतकेच की तिने घाण धरून ठेवू नये, जंतुनाशकाने खराब होऊ नये, कोणाला पाडू नये आणि चाकांना अडवू नये. विक्रेत्यांपैकी एकाने ‘अँटिबॅक्टेरिअल’ शिक्का असलेली पत्रिका ठेवली होती. मी ती बाजूला ठेवली, कारण ज्या जमिनीवर दिवसातून तीन वेळा जंतुनाशकाचा पोछा फिरतो, तिथे त्या शिक्क्याने काय साधते हे त्यालाही सांगता आले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

विश्वस्तांचा पहिला आग्रह होता की सगळीकडे एकच फरशी असावी. घाऊक भावही मिळतो आणि दिसतेही छान. पहिले दोन आठवडे चर्चा याच मुद्द्यावर अडली. शेवटी आम्ही इमारतीच्या नकाशावर चार रंगांच्या खडूंनी भाग पाडले: जिथे रक्त व द्रव सांडतात, जिथे चाके सतत फिरतात, जिथे पाणी साचते आणि जिथे बाहेरची चिखलाची पावले येतात. नकाशा भिंतीवर लावल्यावर ‘एकच फरशी’ हा मुद्दा आपोआप मागे पडला.

कोटा हा सर्वांच्या ओळखीचा पर्याय होता. तो घट्ट, टिकाऊ, पुन्हा पुन्हा घासून पॉलिश करता येणारा आणि स्वस्त आहे. गवंड्यांच्या हाताला बसलेला आहे. पण कोटा आणि शहाबाद हे दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे संडास साफ करण्याचे आम्ल पडले की पॉलिश जाते आणि डाग राहतो. शिवाय सांधे असतातच. स्वयंपाकघर, मागचा व्हरांडा आणि भांडार यांच्यासाठी तो ठेवला, बाकी ठिकाणी वगळला.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही. ती वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी घेते. तिचे दुखणे टाइलमध्ये नसून सांध्यात असते. सांधा एपॉक्सी ग्राउटने (सांधे भरण्याच्या राळयुक्त लुकणाने) भरला तर ते दुखणे बरेचसे आटोक्यात येते, परंतु एपॉक्सी ग्राउट लवकर आवळते, टाइलवर पसरलेले वेळेत पुसले नाही तर कायमचे धुरकट थर राहतात, म्हणून ते भरणारा कारागीर सरावलेला हवा.

ओतीव एपॉक्सीचा विचार शस्त्रक्रियागृहासाठी झाला. ते अखंड असते, दिसायला आरशासारखे, पण खालच्या कोब्याला (फरशीखालच्या सिमेंटच्या थराला) केसाइतकी भेग गेली तरी ती वर उमटते. उन्हाच्या तिरिपीत ते पिवळे पडते आणि जड उपकरण ओढले की ओरखडा उठतो. पॉलियुरेथेनचे ओतीव काम त्याहून लवचीक असते, परंतु आमच्या परिसरात ते रुग्णालयात केलेला एकही कारागीर त्या वेळी मिळाला नाही. रबर आणि लिनोलिअम हे दोन्ही परदेशांत रुग्णालयांत वापरले जातात. येथे दुरुस्तीला माणूस आणि माल दोन्ही दुर्मिळ, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवला नाही.

राहिले व्हिनाइल शीट. दोन मिलिमीटर जाडीचे, आरपार एकाच घटकाचे, दोन मीटर रुंदीच्या गुंडाळीत येणारे. दोन पट्ट्यांमधील फट गरम हवेने वितळवलेल्या व्हिनाइलच्या दोरीने वेल्ड करतात आणि तीच शीट भिंतीवर चार इंच गोलाईने चढवतात, त्यामुळे जमीन व भिंत यांच्या कोनात कचरा बसायला जागा राहत नाही. आरपार एकच घटक असल्याने वरचा थर झिजला तरी रंग जात नाही. पाय आणि चाक यांचा आवाज कमी होतो. मात्र ते स्वतः पाणी किंवा वाफ आरपार जाऊ देत नाही. हा गुण माहितीपत्रकात पहिल्या ओळीत छापलेला असतो. त्याचीच दुसरी बाजू पुढे आमच्या वाट्याला आली.

नमुन्यांची परीक्षा

माहितीपत्रकांवर निर्णय घ्यायचा नाही असे ठरवून आम्ही सहा नमुने, प्रत्येकी फूटभराचे, ड्यूटी रूमच्या दाराशी पंधरा दिवस टाकून ठेवले. परीक्षा इन्चार्ज सिस्टरांनी घेतली आणि या संपूर्ण प्रकरणातले ते सर्वांत उपयोगी काम ठरले. त्यांनी प्रत्येक नमुन्यावर बेटाडिन, जेन्शन व्हायोलेट आणि रक्त सांडल्यावर वापरतात ते १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट यांचे थेंब टाकले. एक डाग तासाभरात पुसला, दुसरा रात्रभर तसाच ठेवला. तासाभरात पुसलेले बहुतेक डाग गेले. रात्रभर राहिलेल्या बेटाडिनने व्हिनाइलवर पिवळसर ठिपका ठेवला. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर जेन्शन व्हायोलेटची निळी सावली राहिली, कारण पॉलिश करताना टाइलच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. मॅट टाइल पूर्ण साफ झाली.

दुसरी परीक्षा मला सुचली नसती. सिस्टरांनी टाके घालण्याची वाकडी सुई प्रत्येक नमुन्यावर टाकली आणि वॉर्डबॉय मामांना उभ्यानेच ती शोधायला सांगितले. फिक्या, एकरंगी शीटवर सुई लगेच दिसली. ठिपकेदार, ग्रॅनाइटसारख्या दिसणाऱ्या शीटवर मामा गुडघ्यावर बसले तरी ती सापडेना. शस्त्रक्रियेच्या शेवटी सुया मोजताना एक कमी आली तर काय धावपळ होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या परीक्षेचे मोल कळेल. ठिपकेदार नमुने त्याच दिवशी बाद झाले.

रंगावरून मात्र वाद झाला. विश्वस्तांपैकी दोघांना ‘मळखाऊ’ रंग हवा होता, गडद करडा किंवा तपकिरी. घरात, दुकानात, एसटीच्या सीटवर मळखाऊ रंग शहाणपणाचा असतो. रुग्णालयात त्याचा अर्थ घाण लपवणारा रंग असा होतो. सिस्टरांनी हे बैठकीत एकाच वाक्यात सांगितले: “मळ दिसला तर पुसता येतो.” फिकट हिरवट करडा रंग ठरला, आणि भिंतीकडचा पट्टा थोडा गडद, कारण दृष्टी मंदावलेल्या वृद्ध रुग्णाला जमीन कुठे संपते व भिंत कुठे सुरू होते हे कळणे गरजेचे असते. जमिनीच्या मध्येच गडद पट्टे किंवा नक्षी टाळली. अशा रुग्णांना गडद पट्टा खड्ड्यासारखा भासतो आणि ते पाऊल लांब टाकू पाहतात.

निर्णय

शस्त्रक्रियागृहांसाठी व्हिनाइल शीट ठरली. प्रश्न होता साधी की वीज वाहून नेणारी. पूर्वी भूल देण्यासाठी ईथर आणि सायक्लोप्रोपेन वापरत, ते ज्वालाग्राही असल्याने स्थिर विजेच्या ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असे आणि म्हणून जमीन वाहक असणे अनिवार्य होते. आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितले की आता वापरातली आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन ही द्रव्ये पेट घेत नाहीत, त्यामुळे स्फोटाचे कारण उरलेले नाही. तरीही मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि कॉटरी (विजेने ऊतक कापणारे व रक्तस्राव थांबवणारे यंत्र) यांच्या दृष्टीने स्थिर वीज जमिनीत उतरून जाणे चांगले, म्हणून आम्ही वाहक शीट घेतली. तिच्यासाठी खाली तांब्याची पट्टी, वाहक गोंद आणि अर्थिंगची जोडणी लागते. केवळ शीट वाहक असून भागत नाही. किमतीतला फरक दोनच खोल्यांसाठी होता. संपूर्ण मजल्यासाठी मी हाच सल्ला दिला नसता.

बाह्यरुग्ण विभागाचा निर्णय देणगीमुळे अवघड झाला. गावातल्या एका ग्रॅनाइट व्यापाऱ्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ पूर्ण दालनाला पुरेल इतका ग्रॅनाइट देऊ केला होता, आरशासारखा पॉलिश केलेला, आणि दारात नावाची पाटी. देणगी नाकारणे संस्थेला शक्य नव्हते. चकचकीत ग्रॅनाइट पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या ओल्या चपलांखाली घालणे मला शक्य नव्हते. आम्ही देणगीदार साहेबांना बोलावले, त्यांच्याच दुकानातला एक पॉलिश केलेला आणि एक लेदर फिनिशचा, म्हणजे चकाकी नसलेला, किंचित खरबरीत तुकडा पायरीपाशी ठेवला आणि वॉचमनने दोन्हींवर बादलीभर पाणी ओतले. साहेब स्वतः कोल्हापुरी चपलेने दोन्हींवर चालून आले. दुसऱ्या दिवशी लेदर फिनिशचा माल उतरला आणि प्रवेशाच्या पायऱ्यांसाठी फ्लेम्ड, म्हणजे ज्योतीने खडबडीत केलेला. पाटी ठरल्याप्रमाणे लागली. स्वच्छतागृहाचे उंबरे काढून तेथे १ : १२ उताराची पट्टी याच ग्रॅनाइटमध्ये केली.

जनरल वॉर्डांसाठीही व्हिनाइल ठरली. कारणे योग्य होती: स्ट्रेचरचे हादरे, रात्रीचा आवाज, झिजलेले मोझॅक. जुन्या मोझॅकवर लेव्हलिंग कंपाउंड (जमीन सपाट करणारे पातळ मिश्रण) ओतून वर शीट चिकटवायची होती, म्हणजे फोडाफोड टळणार होती आणि वॉर्ड फार दिवस बंद ठेवावा लागणार नव्हता.

याच बैठकीत, चहा देण्यासाठी आत आलेल्या वॉर्डातल्या मावशींनी नमुना हातात घेऊन विचारले, “साहेब, आन् पाणी जायला वाट कुठं ठिवलीय?” वॉर्डाच्या जमिनीला दोन्ही टोकांना उतार होता आणि कोपऱ्यात जाळी बसवलेली मोरी होती, दर शनिवारी खाटा सरकवून वॉर्ड पाइपने धुतला जात असे. मी त्यांना सांगितले की आता पाण्याने धुवायचे नाही, ओल्या पोछ्याने पुसायचे. त्या “बरं” म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या. बैठकीच्या इतिवृत्तात हा प्रश्न नाही.

चाचणी आणि काम

काँक्रीटमधली ओल तपासण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दीड फूट चौरस पारदर्शक पॉलिथिन जमिनीवर चारही कडांनी टेपने चिकटवायचे आणि किमान सोळा तासांनी उचलून पाहायचे. आतून थेंब जमले असतील किंवा जमीन काळसर झाली असेल तर ओल आहे. एप्रिल २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोन्ही वॉर्डांत मिळून आठ ठिकाणी हे केले. आठही ठिकाणी पॉलिथिन कोरडे निघाले. मी अहवालात ‘जमीन कोरडी’ असे लिहिले.

फेब्रुवारीपासून शस्त्रक्रियागृहांचे काम सुरू होते. एका वेळी एकच गृह बंद ठेवले, दाराला दुहेरी प्लॅस्टिक लावले आणि टाइल्स पाणी मारत फोडल्या, कारण बांधकामाच्या धुळीतून येणारे ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू दुर्बल रुग्णांना घातक ठरू शकतात. मसाल्यासकट टाइल्स निघाल्यावर पन्नास मिलिमीटरचा नवा कोबा केला. तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर या हिशेबाने सुकतो. ठेकेदाराने पंधरा दिवसांत शीट टाकण्याची तयारी दाखवली होती. सर्जन डॉक्टरांनाही घाई होती. दुसरे गृह चालू असल्याने आम्ही थांबलो, प्रत्येक गृहाला सात आठवडे दिले, दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहणार नाही इतकी पातळी साधली आणि मगच शीट टाकली. या थांबण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला की मेमध्ये व्हायचे वॉर्डाचे काम जूनच्या शेवटी सुरू झाले.

आणि एप्रिलची चाचणी जूनमध्ये पुन्हा करावी, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. खरे तर ‘कोणाच्याही’ हा शब्द येथे पळवाट आहे. ते लक्षात ठेवणे माझे काम होते.

पुरुष वॉर्डात जुलैच्या पहिल्या आठवड्यात शीट टाकून झाली. उद्घाटनाला नारळ फुटला. स्ट्रेचर आवाज न करता फिरू लागले.

फुगे

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशींनी इन्चार्ज सिस्टरांना सांगितले की सहा नंबरच्या खाटेजवळ “फरशी पुरीवानी फुगलीय”. मी गेलो तेव्हा बशीएवढे तीन फुगे होते. आठवड्याने अकरा झाले. पायाने दाबले की फुगा बाजूला सरकत असे. एक कापून पाहिला. खाली गोंद पांढरट, चिकट, साबणासारखा झाला होता आणि आंबूस वास येत होता. काँक्रीटमधून वर येणारी ओल सोबत अल्कली आणते आणि अल्कली बऱ्याच प्रकारच्या गोंदांना अशा रीतीने खाते. हायग्रोमीटरचा (हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) डबा जमिनीवर बंद करून तीन दिवस ठेवला. व्हिनाइल टाकण्यासाठी पंचाहत्तर टक्क्यांच्या आत हवे असलेले सापेक्ष आर्द्रतेचे माप नव्वदच्या वर गेले.

कारण शोधायला फार खणावे लागले नाही. १९७८ साली तळाशी रबल सोलिंग (दगडांचा भराव), वर काँक्रीट, वर मसाला आणि मोझॅक असे काम झाले होते. ओल अडवणारा कोणताही थर त्यात नव्हता. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि ओल सोलिंगमधून वर चढते. चव्वेचाळीस वर्षे ही ओल मोझॅकच्या छिद्रांतून व सांध्यांतून वर येऊन हवेत उडून जात होती, म्हणून ती कोणाला दिसली नाही. आम्ही तिच्यावर झाकण घातले. एप्रिलमध्ये त्या भागात पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि जमीन कोरडीठाक असते. त्या महिन्यात केलेली चाचणी फक्त एप्रिलपुरती खरी होती.

एक खूण समोर असूनही हुकली. तळमजल्याच्या भिंतींना दर पावसाळ्यात दीड फुटापर्यंत लोणा (ओलीने येणारा खारट पांढरा थर) लागत असे. मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या तयारीत भिंती खरवडून ऑइल पेंट मारलेला होता. मी एप्रिलमध्ये पाहिल्या त्या भिंती गुळगुळीत आणि नव्या होत्या. लोणा लागण्याबद्दल मला पहिल्यांदा सप्टेंबरात वॉचमनकडून कळले. त्यांनी तो वीस वर्षे पाहिलेला होता.

दुरुस्ती

पुन्हा तीन वाटा होत्या. पहिली, शीट काढून जमीन घासून एपॉक्सीचा दुहेरी ओलरोधक थर देणे व नवी शीट टाकणे. दुसरी, व्हिनाइलचा नाद सोडून टाइल्स लावणे. तिसरी, गोंद घासून जुने मोझॅकच पॉलिश करणे. तिसरी सर्वांत स्वस्त होती आणि मला आतून तीच आवडत होती. परंतु लेव्हलिंग कंपाउंड काढताना मोझॅकचे तुकडे निघू लागले आणि ती वाट बंद झाली. पहिल्या वाटेत ठेकेदार गोंदाची हमी द्यायला तयार होता, जमिनीखालून येणाऱ्या पाण्याची नाही. कायदेशीर दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबरच होते. ओलरोधक थर वरून दिला तरी खालच्या बाजूला ओलीचा दाब कायम राहतो आणि थर जिथे पातळ बसला असेल तिथे पुन्हा फुगे येऊ शकतात.

डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी वाट घेतली. या वेळी इन्चार्ज सिस्टर आणि मावशी दोघीही बैठकीला बसल्या होत्या. मॅट व्हिट्रिफाइड टाइल, दोन मिलिमीटरचा सांधा, टाइलच्या पातळीपर्यंत काठोकाठ भरलेले एपॉक्सी ग्राउट. मोरीकडचा उतार परत केला. दोन फुटी टाइलला दोन दिशांचा उतार देता येत नाही, म्हणून मोरीभोवती एक फुटी टाइल्स वापरल्या. स्त्री वॉर्डात व्हिनाइल टाकायची होती, ती टाकलीच नाही. तिच्यासाठी आणलेल्या गुंडाळ्या पहिल्या मजल्यावरच्या स्पेशल खोल्यांत वापरल्या गेल्या, त्यामुळे मालाचे नुकसान पुरुष वॉर्डापुरते राहिले. मजुरी आणि पाच आठवडे बंद राहिलेला वॉर्ड यांचा भार मात्र संस्थेने सोसला. त्या काळात दाखल होऊ न शकलेले रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, आणि हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

फलित

२०२३ चा पावसाळा त्या भागात कोरडा गेला, म्हणून त्या वर्षी सगळे ठीक राहिले यावर मी भर देत नाही. २०२४ मध्ये चांगला पाऊस झाला आणि ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा नाणे घेऊन वॉर्डभर फिरलो. दोन टाइल्स डबडब वाजल्या, बाकी घट्ट होत्या. भिंतीला लोणा परत आलेला होता. तो भिंतीचा स्वतंत्र विषय आहे आणि फरशीने सुटणारा नव्हता.

शस्त्रक्रियागृहांची जमीन उत्तम आहे, पण निर्दोष नाही. हात धुण्याच्या सिंकजवळ एक वेल्ड बोटभर सुटली होती. ती पुन्हा केली. एका ठिकाणी बेटाडिनचा पिवळा डाग कायमचा राहिला आहे. काळ्या रबराच्या चाकांची ट्रॉली महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिल्याने चाकांखाली तपकिरी ठसे उमटले. रबरातली द्रव्ये व्हिनाइलमध्ये उतरतात आणि ते डाग कशानेही जात नाहीत. आता तिथे पॉलियुरेथेनची चाके आहेत. जड स्टुलाच्या पायांचे खळगे पडले, त्यांना रुंद बूट बसवले.

वॉर्डात रात्री ट्रॉलीचा आवाज परत आला. मोझॅकपेक्षा कमी आहे, व्हिनाइलपेक्षा स्पष्ट जास्त. रात्रपाळीच्या सिस्टर अजून ते दोन महिने आठवतात. स्ट्रेचरला मऊ, मोठ्या व्यासाची चाके लावल्यावर फरक पडला. हा उपाय तर पहिल्या दिवशीही करता आला असता.

आज पुन्हा करायचे झाले तर

ओलीची चाचणी मी ऑगस्टमध्ये करीन, आणि ऑगस्टपर्यंत थांबता येत नसेल तर तळमजल्याची जमीन ओली आहे असेच धरून चालेन. पॉलिथिनवर विसंबणार नाही. ते ओल असल्याचे सांगते, नसल्याची ग्वाही देत नाही. काम पुढे ढकलले गेले तर चाचणीची मुदत संपली, अशी ओळ निविदेतच घालीन. जुन्या इमारतीत एक फूट चौरस जागा सोलिंगपर्यंत खोदून पाहीन. या एका खड्ड्याला अर्धा दिवस लागला असता.

तळाच्या तयारीचा खर्च अंदाजपत्रकात ‘लेव्हलिंग वगैरे’ अशा एका ओळीत होता. आता मी तो फरशीच्या वरती, स्वतंत्र रकान्यात मांडतो, कारण एका ओळीत लिहिलेली गोष्ट भाव कमी करताना सर्वांत आधी कापली जाते.

आणि नमुने ड्यूटी रूमच्या दाराशी ठेवण्याऐवजी मोरीच्या बाजूला ठेवीन, शनिवारी, वॉर्ड धुतला जात असताना. मावशींना पाइप हातात देऊन त्यांच्या पद्धतीने धुवायला सांगीन आणि आपण कोपऱ्यात उभे राहून पाणी कुठे जाते ते पाहीन. २०२५ मध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका प्रसूतिगृहात हे केले. तिथे पाणी भिंतीच्या स्कर्टिंगमागे शिरताना दिसले आणि व्हिनाइलचा प्रस्ताव त्याच सकाळी मागे घेतला.